सांगली-मिरजेकडं बेस वाजवायचा असेल तर सामान कसं जमवायचं आणि कसं सांभाळायचं

गेली सोळा वर्षं सांगलीत बेस, म्हणजे बेस गिटार, वाजवतोय. लग्नाचं संगीत, गणपती, नवरात्र, कॉलेजची गॅदरिंग, यात्रेतला ऑर्केस्ट्रा, महाबळेश्वर-पाचगणीच्या रिसॉर्टवरचं थर्टीफर्स्ट, सगळं करून झालंय आणि अजून करतोय. हल्ली महिन्याला एखादं तरी पोरगं विचारतं, दादा कुठल्या कंपनीचा बेस घेऊ, आणि प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं बसून लिहून काढतोय.

कंपनीचा प्रश्न चौथा-पाचवा आहे बघा. लीड गिटार दोन मिनिटं बंद पडली तर कीबोर्डवाला सांभाळून घेतो, पब्लिकला कळत पण नाही. बेस बंद पडला तर बेस बंद पडला असं कुणी म्हणणार नाही, पण समोर नाचणाऱ्यांचे पाय ढिले पडतात, गायक मागं वळून बघतो, ढोलकीवाला जोर लावायला लागतो, स्टेजखालची जमीनच सरकल्यासारखं होतं. म्हणून आपलं पहिलं काम म्हणजे तार छेडल्यापासून स्पीकरपर्यंत आवाज कुठंही तुटता कामा नये. पैसे पण त्याच हिशोबानं घालायचे. चाळीस हजाराचा बेस आणि दीडशे रुपयाची केबल हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणाचा बेस बघायच्या आधी माझी नजर केबलकडं जाते.

बेस घेताना

लिओ फेंडरनं १९५१ साली प्रिसिजन बेस काढला, १९५७ ला त्याला ते दोन तुकड्यांचं पिकअप (तारेची थरथर उचलणारं चुंबक) बसवलं, आणि १९६० ला जॅझ बेस आणला. आज दुकानात जे टांगलेलं दिसतं त्यातलं बरंचसं याच दोघांचं खानदान आहे. प्रिसिजनचा म्हणजे पी टाइपचा आवाज जाड, मधोमध बसणारा, एकच नॉब फिरवा आणि विसरून जा. जॅझला दोन पिकअप, आवाजात गुरगुर जास्त, कंट्रोल जास्त. पण एक गोष्ट दुकानदार सांगत नाही, जॅझचे दोन्ही पिकअप फुल ठेवले तर घरघर मरते आणि एक जरी कमी केला की ती परत येते, आणि आपल्याकडं जनरेटर, डिमरच्या लाईटी, सीरिजच्या माळा हे सगळं एकाच लाईनवर असतंय त्यामुळं ती घरघर घरात ऐकू येते त्याच्या चौपट मांडवात ऐकू येते. पी टाइप पिकअप बनावटीतच घरघर मारतं. म्हणून माझं मत विचाराल तर पहिला बेस पी किंवा पीजे (एक पी आणि एक जॅझ पिकअपवाला) घ्या, यामाहा, आयबानेझ, कोर्ट, स्क्वायर यातलं जे हातात बसेल ते.

ॲक्टिव्ह की पॅसिव्ह हा पण प्रश्न येतोच. ॲक्टिव्हमध्ये ९ व्होल्टची बॅटरी असते आणि केबलचा जॅक खुपसला की आतला प्रीॲम्प (आवाज वाढवणारं छोटं सर्किट) चालू होतो, म्हणजे रात्रभर केबल तशीच खुपसून ठेवली तर सकाळी बॅटरी उतरलेली. बॅटरी मरायला लागली की आवाज आधी फाटतो, मग बारीक होत जातो, आणि पहिल्यांदा हे झालं की माणूस ॲम्पला शिव्या घालतो. ॲक्टिव्ह घेतलात तर बॅगेत एक नवीन बॅटरी कायम पाहिजे, आणि वाजवून झालं की जॅक काढायचा म्हणजे काढायचाच.

चार तारा की पाच? पाचवी तार म्हणजे खालचा बी, साधारण ३१ हर्ट्झ. चौथीचा ई ४१ हर्ट्झ. गावातल्या साउंडवाल्याकडं नुसते टॉप (वरच्या आवाजाचे स्पीकर) असतील आणि सब (खालच्या आवाजाचा मोठा बॉक्स) नसेल तर हे ३१ हर्ट्झ बाहेर येतच नाहीत, तुम्ही मनापासून वाजवताय आणि पब्लिकला नुसती तार खडखडल्यासारखी वाटतेय. तरीपण पाच तारांचा एक मोठा फायदा आहे, तो पुढं काळी-पांढरीत सांगतो.

सेकंडहँड घेताना घाबरू नका. कोल्हापूर-पुण्यात चांगले मिळतात. फक्त नेकच्या (लांब दांड्याच्या) बाजूनं डोळा लावून बघा पिळ पडलाय का, प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट (नेकवरची धातूची आडवी पट्टी) दाबून वाजवा, आणि ट्रस रॉडचा (नेक सरळ ठेवणाऱ्या आतल्या सळीचा) नट फिरतोय का ते मालकासमोर बघून घ्या. रॉड जाम असला तर कितीही स्वस्त असू दे, सोडा.

सेटअप, म्हणजे ज्यावर कुणी पैसा घालत नाही

मिरजेत सतारमेकर गल्लीत कधी गेलाय का? नसाल तर जावा. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण तिथली माणसं हे काम पिढ्यान् पिढ्या करतायत, एकोणिसाव्या शतकापासून. मी पहिल्यांदा गेलो ते माझ्या बेसचा नट, म्हणजे नेकच्या टोकाला तारा ज्या खाचांतून जातात ती पट्टी, खराब झाला म्हणून, खाच खोल झाली होती आणि मोकळी तार पहिल्या फ्रेटला लागून झणझणत होती. आत एक म्हातारे कारागीर तंबोऱ्याची जवारी काढत बसले होते. ब्रिजवर बारीक कानस, एक-दोन हात, मग तार छेडायची, कान खाली, परत एक हात. तारेखाली सुताचा धागा मागं-पुढं सरकवून बघायचा, एका जागी आला की तो आवाज उघडतो, भरून येतो. माझा बेस हातात घेऊन त्यांनी मोकळी तार छेडली आणि म्हणाले, तुमच्याकडं जवारी नको आहे नव्हं, मग ही खाच भरायला पाहिजे. एका वाक्यात सगळं आलं. तंबोऱ्यात तार ब्रिजला घासत गेली पाहिजे, आपल्याकडं तारेनं कुठंच घासायचं नाही. त्यांनी खाच भरून नव्यानं पाडून दिली, ती आजपर्यंत तशीच आहे.

आता घरी कसं बघायचं. आधी ट्यून करा, तार ढिली असताना काहीच मोजू नका. मग डाव्या हातानं पहिला फ्रेट दाबा आणि उजव्या हातानं नेक जिथं बॉडीला मिळतो तिथला फ्रेट दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेटच्या मध्ये किती फट आहे बघा. लग्नपत्रिकेबरोबर मिळतं तसलं व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकलं पाहिजे, म्हणजे साधारण ०.३ मिलिमीटर. फट जास्त असेल तर ट्रस रॉड घट्ट करायचा, फट नसेलच तर ढिला. एका वेळी पाव फेरीच्या वर नाही, फिरवल्यावर परत ट्यून करायचं, जमलं तर रात्रभर ठेवून सकाळी बघायचं. ॲलन की बरोबर मापाचीच पाहिजे, जवळपासची चालवली की नटाचे कोपरे गेले म्हणून समजा. जोर लावावा लागत असेल तर थांबा, कुणाला तरी दाखवा.

मग तारेची उंची. सतराव्या फ्रेटपाशी ई तार साधारण अडीच मिलिमीटर, जी तार दोन. जोरात ओढून वाजवत असाल तर थोडी जास्त ठेवा. मग इंटोनेशन, म्हणजे वरच्या फ्रेटांवर पण सूर बरोबर येतोय का, बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि त्याच फ्रेटवर दाबून वाजवलेला सूर, दोन्ही ट्यूनरवर सारखे आले पाहिजेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल (ब्रिजवर तार टेकते तो तुकडा) मागं, उतरा असेल तर नेककडं पुढं.

हे वर्षातून दोनदा करायलाच लागतं आपल्याकडं. एप्रिल-मेमध्ये सांगलीची हवा अशी कोरडी होते की फिंगरबोर्डचं लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं हाताला बोचायला लागतात. जुलैत तेच लाकूड ओल पितं आणि नेक हलतो. माझा बेस मृगाच्या पावसानंतर पंधरा दिवसांत तारा उंच करतो, दरवर्षी. म्हणून गणपतीच्या आठ दिवस आधी एक सेटअप आणि लग्नसराईच्या आधी एक, हे माझं ठरलेलं आहे.

तारा

साधा ४५ ते १०५ चा सेट (हे आकडे तारांच्या जाडीचे), निकेल राउंडवाउंड म्हणजे वरून गोल तार गुंडाळलेला, बहुतेक कामाला पुरतो. झगमगीत आवाज पाहिजे असेल तर स्टील. जुनी हिंदी-मराठी गाणी, भावगीतं जास्त वाजवत असाल तर एकदा फ्लॅटवाउंड, म्हणजे चपटी तार गुंडाळलेल्या, लावून बघा, गुळगुळीत, बोटाची किरकिर नाही, आणि वर्षानुवर्षं टिकतात. अमेरिकेतल्या मोटाउन रेकॉर्ड कंपनीचा बेसवाला जेम्स जेमरसन तर फ्लॅटवाउंडच वाजवायचा, उजव्या हाताच्या एकाच बोटानं, आणि जगभरचे बेसवाले अजून त्याच्या लाईनी शिकतायत.

तारा मरतात त्या घामानं आणि तेलानं. आपल्याकडं ब्रेकमध्ये भडंग येतोच, सांगली आहे म्हटल्यावर येणारच, आणि तोच हात घेऊन माणूस परत स्टेजवर चढतो. तेल, तिखट, हळद सगळं तारेच्या वेटोळ्यात जाऊन बसतं आणि पंधरा दिवसांत नवी तार गोणपाटासारखी वाजायला लागते. हात धुवा, वाजवून झाल्यावर जुन्या सुती बनियनच्या तुकड्यानं प्रत्येक तार वरून आणि खालून पुसा, तिप्पट टिकतील. मेलेल्या राउंडवाउंड तारा पाण्यात दहा मिनिटं उकळून, पूर्ण वाळवून परत लावल्या तर थोडे दिवस चमक येते, अडचणीला बरं आहे पण रोजचं नाही.

जॅक, केबल आणि डीआय

एका गावच्या यात्रेत तिसऱ्याच गाण्यात माझा आवाज गेला. ॲम्प बघितला, केबल बदलली, साउंडवाल्यानं चॅनेल बदललं, काही नाही. अख्खं गाणं बेसशिवाय गेलं आणि खाली आयोजक माझ्याकडं असा बघत होता की अजून आठवतंय. दोष काय होता तर बेसच्या बॉडीवरचा जॅकचा नट ढिला झालेला, मी दोन दिवस आधी बोटानंच फिरवून घट्ट केलेला, आणि नट फिरवताना आतला जॅक पण फिरला आणि वायर पिळून तुटली. तेव्हापासून सांगतोय, जॅकचा नट ढिला दिसला तर वरून फिरवू नका, प्लेट उघडा, आतून जॅक धरा, मग पान्यानं नट आवळा. आणि प्लेट उघडलीच आहे तर जॅकची जी पट्टी केबलच्या टोकाला टेकते ती थोडीशी आत वाकवून घ्या, निम्मी खरखर तिथंच जाते. सोल्डरिंग शिका. पंचवीस वॅटची इस्त्री आणि थोडं शिसं, एवढ्यात सोळा वर्षांत माझे कितीतरी कार्यक्रम वाचलेत.

केबल पट्ट्यातून एक वळसा देऊन मग जॅकला लावायची, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी ओढ पट्ट्यावर येते, जॅकवर नाही. पट्टा निसटू नये म्हणून वेगळं लॉक नसेल तर नळाचा रबरी वायसर घ्या, हार्डवेअरच्या दुकानात दोन रुपयाला मिळतो, पट्ट्यावरून बटणावर दाबून बसवा. बेस साधारण चार किलोचा असतो, पडला तर हेडस्टॉकच (नेकचं डोकं) मोडतो.

आता डीआय बॉक्स, म्हणजे बेस आणि मिक्सरच्या मध्ये लावायचा छोटा डबा, आणि इथं खर्च करा. बेसचं पिकअप अशक्त असतं, त्याला समोर मोठा इम्पीडन्स (करंटला होणारा अडथळा) लागतो, दहा लाख ओहमच्या आसपास. मिक्सरच्या लाईन इनपुटला सरळ खुपसला तर तिथं दहा-वीस हजार ओहमच असतात, मग वरचा आवाज मरतो, आवाज चिखलासारखा येतो, आणि साउंडवाला म्हणतो बेसच बेकार आहे. डीआय मध्ये ठेवला की तो बेसला हवं ते देतो आणि पुढं बॅलन्स्ड लाईन पाठवतो, जी शंभर फूट गेली तरी घरघर उचलत नाही. ॲक्टिव्ह डीआयला बॅटरी किंवा मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम (केबलमधूनच येणारा करंट) लागतो, साउंडवाल्याला आधीच सांगा. साउंडवाल्याकडं डीआय असेलच या भरवशावर कधी जाऊ नका. स्वतःचा डीआय आणि स्वतःची एक्सएलआर केबल बॅगेत असली तर ॲम्प नसला तरी कार्यक्रम होतो.

ॲम्प आणि स्पीकर

घरच्या सरावाला वीस-तीस वॅट पुरे. स्टेजवर ढोलकी, ऑक्टोपॅड, ड्रम असले तर शंभर वॅट कमीत कमी, आणि तो पण फक्त तुम्हाला स्वतःला ऐकू यावं म्हणून, पब्लिकचं काम पीएचं, म्हणजे साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरचं. आता क्लास डीचे हेड दोन-तीन किलोचे येतात, एका हातात उचलतो. पाठ सांभाळा, वीस वर्षं वाजवायचंय.

ओहमचं गणित नीट समजून घ्या. ८ ओहमचा एक बॉक्स म्हणजे ८. ८ चे दोन लावले की ४ होतात. ॲम्पवर कमीत कमी ४ लिहिलं असेल आणि तुम्ही तिसरा बॉक्स लावला तर ॲम्प तापतो आणि जातो. आणि स्पीकरची केबल वेगळी, गिटारची वेगळी, दिसायला सारख्या असल्या तरी अदलाबदल करू नका, गिटारच्या बारीक वायरीतून स्पीकरचा करंट नेला तर ती तापून वितळते.

आवाज लावताना घरी जो आवाज गोड वाटतो तो स्टेजवर हरवतो, हे प्रत्येकाला स्वतः अनुभवायलाच लागतं. घरी आपण बेस वाढवतो, ट्रेबल वाढवतो, मधलं कापतो. मांडवात ढोलकीचा बाया, कीबोर्डचा डावा हात आणि ऑक्टोपॅडचा किक हे सगळे खालीच बसलेत, मग तुम्ही ऐकू येणार कुठून? खाली थोडं कापा, २०० ते ८०० हर्ट्झच्या मध्ये थोडं वाढवा. एकट्यानं वाजवलं तर नाकातून बोलल्यासारखं वाटेल, सगळ्यांबरोबर वाजवलं की बरोबर बसतं. आणि ई तारेची लाट हवेत आठ मीटरच्या वर लांब असते, त्यामुळं भावे नाट्यमंदिरासारख्या बंद सभागृहात स्टेजवर एका जागी धबधबा आणि दोन पावलं पुढं काहीच नाही असं होऊ शकतं. साउंडचेकला लांब वायर लावून खाली पब्लिकमध्ये जाऊन एकदा ऐकाच. ॲम्प कोपऱ्यात ठेवला की गुंजतो, भिंतीपासून पुढं ओढा, खुर्चीवर ठेवा, कानाजवळ येतो.

करंट

हा भाग मजेत घेऊ नका. यात्रेत जनरेटर असतो, त्याचं अर्थिंग केलंय का कुणालाच माहीत नसतं. तुमचा ॲम्प एका बोर्डावर, गायकाचा माइक दुसऱ्या बोर्डावरच्या मिक्सरला. तुमचा हात तारेवर आणि ओठ कोरससाठी माइकला लागला की सर्किट तुमच्यातून पूर्ण होतं. मला एकदा असा झटका बसलाय की दोन दिवस जिभेला चव नव्हती, पाऊस झालेला, स्टेज ओलं, आणि मी चप्पल काढून चढलेलो कारण स्टेजवर देवाचा फोटो होता.

आता माझी पद्धत ठरलेली आहे. चढल्यावर पहिलं मल्टिमीटर, एसी व्होल्टवर, एक टोक बेसच्या तारेला आणि एक माइकच्या जाळीला. दोन-चार व्होल्ट असले तर ठीक. पन्नास, शंभर दाखवले तर मी माइकपाशी जात नाही आणि इलेक्ट्रिशियनला बोलावतो, अर्थिंगचा रॉड ठोकायला लावतो, भोवती मिठाचं पाणी ओतायला लावतो, आणि सगळं स्टेज एकाच लाईनवर घ्यायला सांगतो. लोक म्हणतात किती नाटकं. म्हणू देत. घरघर येते म्हणून ॲम्पच्या प्लगची अर्थची जाड पिन काढून टाकणारे महाभाग आहेत, असं कधीही करू नका, घरघरीसाठी डीआयवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते दाबा. स्वतःचा ३० मिलिॲम्पच्या आरसीसीबीवाला (करंट गळला की लाईन तोडणारा स्विच) एक्स्टेन्शन बोर्ड इलेक्ट्रिशियनकडून बनवून घ्या, आणि पायात रबरी तळव्याचे बूट. देवाच्या फोटोला खालूनच नमस्कार करायचा.

काळी एक, पांढरी चार

पुस्तकातून किंवा यूट्यूबवरून शिकलेलं पोरगं पहिल्यांदा ऑर्केस्ट्रात येतं आणि गायक म्हणतो काळी एक, तेव्हा ते गोंधळतं. आपल्याकडं सगळं पेटीच्या पट्टीत चालतं. पांढरी एक म्हणजे सी, दोन डी, तीन ई, चार एफ, पाच जी, सहा ए, सात बी. काळी एक सी शार्प, काळी दोन डी शार्प, काळी तीन एफ शार्प, काळी चार जी शार्प, काळी पाच ए शार्प. ई तारेवर मोकळी पांढरी तीन, पहिला फ्रेट पांढरी चार, दुसरा काळी तीन, तिसरा पांढरी पाच, चौथा काळी चार, पाचवा पांढरी सहा, सहावा काळी पाच, सातवा पांढरी सात. ए तारेचा तिसरा फ्रेट पांढरी एक, चौथा काळी एक, सहावा काळी दोन. हे झोपेत विचारलं तरी यायला पाहिजे. कार्यक्रमात गायक दोन बोटं वर करतो आणि ओठानं काळी म्हणतो, तुमच्याकडं चार मात्रा असतात.

पाच तारांचा फायदा तो इथं. काळी एक ही आपल्याकडं पुरुष गायकांची लाडकी पट्टी, आणि चार तारांवर खालचा सी शार्प नाहीच, ए तारेवरचा वरचा घ्यावा लागतो. पाचव्या तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर तो खालचा मिळतो आणि अंतरा संपून मुखड्यावर परत येताना तो सूर घेतला की अख्खं गाणं जमिनीवर येऊन बसतं.

कीबोर्डवाल्याची बोटं बघून वाजवायची सवय लावू नका. त्यानं ट्रान्सपोज एकवर ठेवलं असेल तर बोटं पांढरी एकवर आणि आवाज काळी एकचा. गाण्याआधी विचारा, ट्रान्सपोज किती. आणि त्याला प्रेमानं सांगा की डाव्या हातानं खाली बेस वाजवू नको. आपल्याकडं बऱ्याच वर्षांपासून बेसवाला नसलेले ऑर्केस्ट्रे आहेत, तिथं कीबोर्डवाल्याचा डावा हात हाच बेस, त्यामुळं त्याची सवय जात नाही. भांडू नका, एका गाण्याचा सराव त्याचा डावा हात बंद ठेवून करा, त्यालाच फरक ऐकू येतो.

भजनी मंडळ किंवा नाट्यसंगीताबरोबर वाजवायला गेलात तर ट्यूनर बाजूला ठेवा आणि पेटीला लावा. जुनी पेटी ४४० वर असेलच असं नाही, थोडी चढी, थोडी उतरी असते, आणि पेटी काही तुमच्यासाठी बदलणार नाही.

ढोलकी-ढोलकवाल्याच्या डाव्या हाताकडं लक्ष ठेवा. केरव्यात धा गे ना ति न क धि ना, यात भरीव बोल कुठले तर धा, गे आणि धि. मूळ सूर धा वर, पाचवा धि वर, मधे शांत. एवढंच नीट, न धावता, पाच मिनिटं वाजवता आलं तर तुम्हाला काम मिळत राहील. मधल्या जागा भरायची घाई करू नका, त्या जागा ढोलकीच्या आहेत.

सुपारी, प्रवास, कान

सुपारी घेताना फोनवर पाच गोष्टी विचारा, किती तास, कुठं, जायची सोय कुणाची, जेवण आहे का, ॲम्प आहे का. निम्मा ॲडव्हान्स फोनपेवर आधी, उरलेले शेवटच्या ब्रेकमध्ये, कार्यक्रम संपल्यावर आयोजक सापडत नाही. रात्री १० नंतर लाऊडस्पीकर बंद हा २००० सालचा नियम आहे, सणाच्या ठरावीक दिवशी १२ पर्यंत परवानगी मिळते, त्यामुळं वाजवायचा तास कुठून मोजणार ते पण बोलून घ्या. दोन तास साउंडच जोडत बसले तर तो वेळ तुमचा गेला असं व्हायला नको.

दुचाकीवर बेस नेत असाल तर हेडस्टॉक डोक्याच्या वर येतो, मांडवाची कमान आणि झाडाच्या फांद्या लक्षात ठेवा. आणि आपल्याकडं हंगामात रात्री रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या, मागं लाईट नाही, रिफ्लेक्टर नाही, एकामागं एक दोन. इस्लामपूर (आता ईश्वरपूर), तासगाव, विटा, कुठल्याही रस्त्यानं या. कार्यक्रम संपून दमलेला माणूस, डोळ्यात स्टेजच्या लाईटी अजून. जमेल तेवढं ट्रॅव्हलरनं सगळ्यांबरोबर या, नाहीतर तिथंच कुणाच्या तरी घरी झोपा. बॅगेला मागून रिफ्लेक्टरची पट्टी शिवून घ्या, मी घेतलीय.

कानासाठी प्लग घ्या, म्युझिशियनवाले, जे आवाज कमी करतात पण दाबून टाकत नाहीत. ८५ डेसिबलला आठ तास चालतं, दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे १०० ला फक्त पंधरा मिनिटं. डॉल्बीच्या भिंतीशेजारी वाजवताना आपण १०० च्या खाली नसतो. माझ्या डाव्या कानात, जिकडं ड्रमची क्रॅश असायची तिकडं, रात्री बारीक शिट्टी वाजते. ती आता जाणार नाही. प्लग मी खूप उशिरा घेतले.

पावसाळ्यात सामान कुठं

गावभागात, नदीकडच्या बाजूला राहणाऱ्यांसाठी हे शेवटचं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाण्याची ४० फूट इशारा पातळी, ४५ धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माझ्या मित्राचा ॲम्प आणि दोन बॉक्स तळमजल्यावर होते, आम्ही बेस तेवढा वर नेला, ॲम्प जड म्हणून उद्या नेऊ म्हटलं. पाणी रात्रीत आलं. दहा दिवसांनी दार उघडलं तर बॉक्सचं प्लायवूड पापडासारखं सुटलेलं आणि आत नदीचा गाळ.

तेव्हापासून पातळी ३५ झाली की सामान वरच्या मजल्यावर, जड सामान आधी. बेसच्या केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवायच्या, दर महिन्याला केस उघडून वास घ्यायचा, कुबट आला की बेस बाहेर काढून पंख्याखाली. आणि कुठल्याही ॲम्पमध्ये पाणी गेलं तर चालू करून बघायचा मोह आवरा, प्लग काढा, आतून उघडायला जाणकाराकडंच द्या कारण कपॅसिटरमध्ये करंट साठलेला असतो, गाळ साफ करून, पूर्ण वाळवून, त्यानं तपासून दिल्यावरच वायर लावायची. मित्राचा ॲम्प तसाच परत चालू झाला, बॉक्स मात्र नवीन प्लायमध्ये बांधायला लागले, स्पीकरचे कोन पण बदलले.